तुझ्या डब्यातलं कांद्याचं सूप

मेधा,

सव्वाचार वाजलेत. तुझा सुधीर साडेपाचला घरी येतो, म्हणजे माझ्याकडे तासभर आहे. तुझा डबा समोर ओट्यावर ठेवलाय, पंच्यात गुंडाळून. अजून गरम आहे. तो घेऊन तुझ्या घरी जायचंय, सात मिनिटांचा तर रस्ता. पण आधी तुझ्याशी बोलून घेते. तिथे गेल्यावर मला तुझ्या नवऱ्याला काही सांगायचंय, आणि तुझ्याआधी त्याला सांगितलं तर तू मला सोडणार नाहीस.

चोवीस दिवस झाले तुला जाऊन. लोकांनी तुझ्याबद्दल खूप चांगलं लिहिलं, आपल्या मंडळाच्या ग्रुपवर तर पूर आला होता. शांत, मनमिळाऊ, हसतमुख. मी वाचलं आणि म्हटलं, ही कोण बाई? शांत? तू? तुझ्या किटलीत कोणीतरी मॅगी उकळली म्हणून आख्खा फ्लॅट डोक्यावर घेणारी तू! हसतमुख होतीस, ते मात्र मान्य.

फार्मसी बंद करून गाडीत बसलीस की सहा दहाला तुझा फोन यायचा. "काय केलंस जेवायला?" मी म्हणायची, "टोस्ट." तू म्हणायचीस, "सोलापूरचं नाक कापलंस." एवढंच. दोन मिनिटं, फार तर तीन. सोळा वर्षांत या फोनचं मला काही वाटलं नाही, कधीकधी तर वैतागही यायचा, की बाई, मी मीटिंगमधून आत्ता सुटलेय. आता सहा वाजले की मी फोन उलटा करून ठेवते. पोरिरुआतल्या या छोट्या घरात मी एकटी राहते हे मला आत्ता कळलं, म्हणजे खरंच आत्ता. एवढी वर्षं एकटी राहत होते ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तुझ्या अंत्यविधीला सुधीर माझ्याजवळ येऊन उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता सुन्न होता. म्हणाला, "उज्ज्वला, निदान तुमचं दोघींचं दर वर्षीचं जेवण तरी झालं. फार खूश होऊन आली होती त्या दिवशी. सांगत होती, मस्त झालं म्हणून." तुझी लेक ईरा त्याच्या बाजूला होती. तिनेही माझा हात धरला आणि म्हणाली, "शी वॉज सो हॅपी दॅट डे, मावशी."

आणि मी मान हलवली. अगं, मान हलवली मी! त्या दिवशी मी तुझ्यासोबत जेवायला आलेच नव्हते. हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तू घरी जाऊन त्यांना सांगितलंस की मस्त झालं. माझ्या खोटेपणावर पांघरूण घालून अकरा दिवसांनी निघून गेलीस. आता त्या पांघरुणाखाली मी एकटी आहे.

थांब. क्रमाने सांगते. तू नेहमी म्हणायचीस ना, "उज्ज्वले, तुझी गोष्ट म्हणजे मधूनच सुरू होते."

आपला तो न्यूटाउनचा फ्लॅट आठव. खिडक्यांना आतून पाणी सुटायचं, सदर्ली, म्हणजे दक्षिणेचा तो गार वारा, सुटली की दारं आपोआप वाजायची, आणि एका हीटरवर चौघी. तू पुण्याची, फार्मसीची इथली परीक्षा द्यायला आलेली. मी सोलापूरची, आयटीचा डिप्लोमा करत होते आणि संध्याकाळी मादामच्या, त्या फ्रेंच बाईच्या, छोट्या हॉटेलात भांडी घासत होते. पहिल्याच दिवशी तू स्वयंपाकघरात दोन घासण्या टांगल्यास. हिरवी माझी, पिवळी तुझी. माझा अंड्याचा तवा मागच्या पायरीवर, बाहेर. मी वैतागले होते, पण पाळलं. अगदी तू घरात नसतानाही पाळलं. लॉलीच्या पाकिटामागचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय तू एक गोळी तोंडात टाकली नाहीस, न जाणो जनावराचं जिलेटीन असेल. फार्मसीत कॅप्सूल मोजून देताना तुझं तोंड कसं व्हायचं ते तू मला करून दाखवायचीस. मी तुला हसायची. पण तुझं ते बावळट हट्टीपण मला आवडायचं. इतक्या लांब येऊन, थंडीत कुडकुडत, कोणी बघत नसताना एखादी गोष्ट धरून ठेवायची, हे मला कधी जमलं नसतं.

आणि तुला काय आवडायचं, तर माझं ते हॉटेल. मी आठवड्यातून चार संध्याकाळी तिथे हात भाजून घेत होते आणि तू मला खोदून खोदून विचारायचीस. टेबलक्लॉथ खरंच इस्त्री करतात? मेन्यू खरंच हाताने लिहितात? नेहमीच्या गिऱ्हाइकांचे नॅपकिन भिंतीवरच्या लाकडी खणांत ठेवतात, प्रत्येकाचा खण वेगळा, हे मी सांगितलं तेव्हा तू टाळीच वाजवलीस. "म्हणजे आपल्याकडे पाहुण्याचं ठरलेलं ताट-वाटी असते तसं!" मी म्हटलं, तसं काही नाही, म्हातारे लोक येतात, तीन तास बसतात, आणि मला उशीर होतो.

तू परीक्षा पास झालीस. पार्टी कुठे, तर म्हणे तिथेच. मादाम शुक्रवारी दुपारचं जेवण ठेवायची, म्हणून शुक्रवार ठरला. टेकडीवरचं ते लाकडी घर, बाहेर तेवीस पायऱ्या, आत पितळेचे हूक, अर्ध्या खिडकीला लेसचे पडदे, आणि चीजची ती ढकलगाडी, जिचं एक चाक किर्र वाजायचं. मी आईने दिलेला एकुलता एक चांगला ड्रेस घातला होता. मेधा, आठ महिने मी त्या घरात मागच्या दाराने जात होते. त्या दिवशी पहिल्यांदा पुढच्या दाराने गेले. मादाम स्वतः स्वयंपाकघरातून बाहेर आली, ॲप्रन काढून, आणि तिने माझा कोट हातात घेतला. तिने! माझा! मी तिच्यासमोर नेहमी ओले हात घेऊन उभी असायची.

मेन्यू जांभळ्या शाईने, फ्रेंचमध्ये. तुला काय खाता येईल? मी म्हटलं, कांद्याचं सूप. त्याचा वास मला पाठ होता. कांदे मंद आचेवर तास-दीड तास परतायचे, पार तपकिरी होईस्तोवर, वर पावाचा काप, वर चीज, आणि सगळं भट्टीत. तू म्हणालीस, "कांदा? म्हणजे शंभर टक्के सेफ." तू चमचा उचललास.

एवढी वर्षं मी स्वतःला असं सांगत आले की मला नंतर आठवलं. फ्लॅटवर परतल्यावर, रात्री पडल्यापडल्या, केव्हातरी. ते खोटं आहे. मला तेव्हाच आठवलं. चमचा तुझ्या तोंडात जायच्या आधी. चीजची तार लोंबत होती, तू ती बोटाने तोडत होतीस, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो मोठा हंडा आला. गुरुवारी सकाळपासून मादाम त्यात बैलाची हाडं उकळत ठेवायची, आणि संध्याकाळी तो हंडा मी घासायची. तळाशी चिकटलेलं मी नखांनी काढायची. त्या हाडांच्या पाण्यातच ते सूप व्हायचं. हे मला माहीत नसेल तर कोणाला माहीत असणार?

फक्त "थांब" म्हणायचं होतं. एक शब्द. पण शेजारच्या टेबलावरची म्हातारी माझ्याकडे बघून हसली होती, मादाम दारातून बघत होती, माझ्या मांडीवर इस्त्रीचा नॅपकिन होता. म्हटलं असतं तर आरडाओरडा झाला असता, तू उठली असतीस, आणि मी परत भांडी घासणारी झाले असते. म्हणून मी गप्प बसले. तुझ्या आनंदावर विरजण नको म्हणून नाही बरं का, तसलं काही चांगलं कारण नव्हतं. मला मिरवायचं होतं, म्हणून.

तू डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "उज्ज्वले, स्वर्ग."

आणि झालं. तू जाहीर करून टाकलंस की दर वर्षी जूनमध्ये याच आठवड्यातल्या शुक्रवारी आपण इथेच येणार आणि हेच खाणार. माझी नोकरी लागली, तुझं लग्न झालं, ईरा झाली, तू तिकडे घर घेतलंस, मी इकडे. शुक्रवार चुकला नाही. दोघी अर्धी रजा टाकायचो, पोरिरुआ स्टेशनवर भेटायचो. आपले नॅपकिनही खणांत गेले, शेजारी शेजारी. तू त्या खणासमोर उभी राहून फोटो काढला होतास, जसं काही फ्लॅटच घेतलाय.

आपलं भांडणही दर वर्षी तेच. मी म्हणायची, या बाईने तीस वर्षांत पडदासुद्धा बदलला नाही, जुनं म्हणजे चांगलं असं काही नसतं. तू म्हणायचीस, "जुनं नाही गं. तेच. पुण्याला गेले की माझी गल्ली मला ओळखू येत नाही, आईचं घर बिल्डरने पाडलं, इथे दर दोन वर्षांनी घर बदललं. काहीतरी एक ठिकाण असू दे ना, जिथे आपण गेल्यावर सगळं तिथल्या तिथे असेल." मी म्हणायची, "भावनिक होऊ नकोस, सूप खा." या वादात तू बरोबर होतीस, हे आज लेखी देते.

सूप आलं की तू त्यात आधी मीठ घालायचीस, मग मिरपूड, मग परत मिरपूड. तुझ्या वाडग्यावरचं चीज नेहमी माझ्यापेक्षा जरा पिवळं असायचं. मला वाटायचं, भट्टीत मागच्या बाजूला असेल. मग तू चमचा खाली ठेवायचीस, हाताची घडी टेबलावर, आणि माझ्याकडे बघून म्हणायचीस, "हं. बोल."

दर वर्षी. "हं. बोल."

आणि मी बोलायची. ऑफिसातलं, मॅनेजरचं, वहिनीचं, गुडघ्याचं. दर वर्षी घरून ठरवून निघायची की आज सांगायचं. ट्रेनमध्ये वाक्य जुळवायची. आणि तू "बोल" म्हटलं की मी आमच्या कँटीनमधल्या मायक्रोवेव्हबद्दल बोलायची. तू सगळं ऐकून घ्यायचीस. मग म्हणायचीस, "एवढंच?" मी म्हणायची, "एवढंच."

या वर्षी तुझी आई गेली. तू पुण्याहून परत आलीस ती वेगळीच. देवासमोर बसायला लागलीस, चातुर्मासात कांदा-लसूणही सोडणार म्हणालीस. फोनवर म्हणालीस, "म्हणून या जूनमध्ये कांद्याचं सूप पोटभर खाऊन घेते." तू हसलीस. सोळा वर्षांचं ओझं एकदम इतकं जड झालं की मला वाटलं, या वेळी तू "बोल" म्हणालीस तर मी तिथेच रडेन, किंवा त्याहून वाईट म्हणजे परत खोटं बोलेन. शुक्रवारी सकाळी तुला मेसेज केला. "ऑफिसात अर्जंट काम आलंय, जमत नाही, सॉरी." आणि मी ऑफिसला गेलेच नाही. रजा टाकलेली होतीच. घरी पांघरूण घेऊन सोफ्यावर पडून राहिले.

तीनच्या सुमारास तुझी गाडी आली. मला आवाज ओळखू येतो, तुझ्या ब्रेकचा. माझी गाडी बाहेर उभी होती, तुला दिसलीच असणार. तू दार वाजवलंस. मी श्वास धरून बसले, चाळिशीची बाई, सोफ्यामागे! मग दाराच्या पलीकडून तुझा आवाज आला. अजिबात रागावलेला नाही, सहा दहाचा नेहमीचाच. "उज्ज्वले, नको उघडूस हवं तर. डबा ठेवलाय पायरीवर. गरम करून खा."

तू गेल्यावर मी दार उघडलं. तुझा स्टीलचा डबा, आईने दिलेला, बाजूला तुझं माहेरचं नाव कोरलेला. झाकण उघडलं तर कांद्याचं सूप. माझं. आणि मी तिथेच पायरीवर बसले. या डब्यात तू कधी अंड्याचा केकसुद्धा ठेवला नव्हतास. मनात म्हटलं, बिचारीला काही कल्पना नाही. सोळा वर्षं तिच्या पोटात घातलं, आता तिच्या आईचा डबाही बाटवला मी.

सूप खाल्लं नाही. ओतून दिलं. डबा घासला, परत घासला, गरम पाण्याने, राखेसारखी ती पावडर मिळते तिने. परत कसा करायचा? रिकामा डबा परत करायचा नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हे आपल्या दोघींच्या आयांनी शिकवलेलं. पण त्यात काय घालू? आणि काय सांगून देऊ? अकरा दिवस तो ओट्यावर राहिला. तू फोनवर एकदाही डब्याचं विचारलं नाहीस. जेवायला का आले नाही, तेही नाही. "काय केलंस जेवायला?" बस्स. आणि मग त्या मंगळवारी सहा दहा वाजून गेले, साडेसहा झाले, आणि फोन आला तो सुधीरचा.

आज मी मादामकडे गेले. का गेले, ते मलाही धड माहीत नाही. फोन करून टेबल सांगितलं. ती म्हणाली, "नेहमीचंच?" मी म्हटलं, "हो." एकटीच येतेय हे तोंडातून निघेना. डबा पिशवीत घेतला. वाटलं, तुझ्या घरी द्यायचाच आहे, तर मादामकडून थोडा केक-बिक घालून घेऊ, म्हणजे रिकामा जाणार नाही. ट्रेनमध्ये समोरची सीट रिकामी होती. त्यावर कोणी बसू नये म्हणून मी पाय लांब करून बसले, बघ माझा उद्धटपणा.

तेवीस पायऱ्या. टेबलावर दोघींचं मांडलेलं. दोन नॅपकिन, खणातले. मी काही बोलायच्या आत मादाम स्वतः दोन सुपं घेऊन आली. आता तिचे हात थरथरतात गं, बशीवर वाडगा वाजत होता. तिने तुझ्या खुर्चीकडे पाहिलं, मग दाराकडे. मी सांगितलं. ती हळूच तुझ्या खुर्चीत बसली. तिने माझ्या हातावर हात ठेवला. तो हात कांद्याचा वास येणारा आणि खरखरीत होता, आणि चोवीस दिवसांत पहिल्यांदा मी मोठ्याने रडले. त्या शांत खोलीत, जिथे आरडाओरडा नको म्हणून मी सोळा वर्षांपूर्वी गप्प बसले होते.

मग मला राहवेना. मी तिला सगळं सांगून टाकलं. म्हटलं, ती कधीच मांस खात नव्हती, आणि मी तिला दर वर्षी तुमचं हाडांचं सूप खाऊ घातलं, मला माहीत असून.

मादामने कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाली, "पण तिचं सूप ते नाहीच."

मी म्हटलं, "म्हणजे?"

तिने मला सांगितलं, मेधा. सगळं. त्या पहिल्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी तू एकटी तिच्याकडे गेली होतीस, नारळाच्या वड्या घेऊन. याच डब्यातून! थँक्यू म्हणायला, आणि अर्थातच, रेसिपी मागायला. पुण्याची ना तू. रेसिपी घेतल्याशिवाय तुला चैन पडणार होतं का! मादामने आनंदाने सांगायला सुरुवात केली, आणि सुरुवातच हाडांपासून केली. म्हणाली, "तुझी मैत्रीण माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि इतकी पांढरी पडली की मी ब्रँडी आणायला धावले." ब्रँडी तू घेतली नाहीस. एकच प्रश्न विचारलास. "उज्ज्वलाला हे माहीत आहे?" आणि मादाम बिचारी भाबडेपणाने म्हणाली, "माहीत म्हणजे? तो हंडा तीच तर घासते."

मग तू तिला म्हणालीस की पुढच्या वर्षीपासून माझं सूप वेगळ्या छोट्या पातेल्यात करा, भाज्यांच्या पाण्यात. आणि चीज मी आणून देईन, वासराच्या पोटातलं विरजण नसलेलं. मादाम अजून त्या चीजवर चिडलेली आहे. "सुपरमार्केटचं चेडर! माझ्या सुपावर! दर जूनला आधीच्या दिवशी आणून द्यायची, लपवून! आजचंही तिच्याच जूनमधल्या पाकिटातलं!" आणि म्हणे तू तिला बजावलंस, "उज्ज्वलाला काही सांगू नका. तिला सांगायचं असेल तेव्हा ती आपणहून सांगेल मला."

हं. बोल.

पंधरा वेळा, मेधा.

आधी मला तुझा भयंकर राग आला, हे ऐकून ठेव. आत्ताही येतोय. मनात म्हटलं, ही काय पद्धत झाली? परीक्षा घेत होतीस माझी? मी दर जूनला आतल्या आत जळतेय आणि तू समोर बसून मिरपूड घालतेयस! एकदा कानाखाली वाजवली असतीस, फ्लॅटमध्ये ताटं आपटली असतीस, महिनाभर अबोला धरला असतास, तर सोळा वर्षं मोकळी गेली असती. तू माफ केलंस, ठीक आहे, पण मला न सांगता केलेल्या माफीचं मी काय करू? असं सगळं मनातल्या मनात तुला बोलले. तुझी खुर्ची समोरच होती, पण तिथे मादाम बसली होती.

मग मी तुझा वाडगा पुढे ओढला. तुझा चमचा घेतला. आणि चव बघितली.

अगं ए, फुळकवणी! नुसतं कांद्याचं गोडसर पाणी, वर चेडरचं रबर! त्या दुसऱ्या सुपाच्या जवळपासही नाही. हे? हे तू पंधरा वर्षं "स्वर्ग" म्हणून खाल्लंस? माझ्यासमोर डोळे मिटून? मी हसायला लागले, मेधा, नाकातोंडातून पाणी येत असताना. मादामही हसली, म्हणाली, "तिला मी दर वर्षी म्हणायची, दुसरं काहीतरी करते तुझ्यासाठी. ऐकायचीच नाही. म्हणायची, दोघींचं सारखं दिसलं पाहिजे."

आणि मग मादामने या वर्षीच्या शुक्रवारचं सांगितलं. तू एकटी आलीस. दोन्ही सुपं मागवलीस. तुझं संपवलंस, आणि पिशवीतून हा डबा काढलास. मादामच्या घरातून आजवर कोणी काही बांधून नेलेलं नाही, ती म्हणाली, अजिबात नाही. तू म्हणालीस, "मग तुम्ही डोळे मिटा." आणि तिने मिटले. डोळे उघडले तेव्हा तू झाकण दाबत होतीस. तुझ्या हातांनी ओतलंस ते. आईच्या डब्यात. त्यात काय आहे हे पुरतं माहीत असून.

म्हणजे मी ज्याला बाटलेला म्हणून घासत बसले, तो डबा तू मुद्दाम दिला होतास. "नको उघडूस हवं तर." तुला गाडी दिसली होती. तुला सगळं दिसत होतं. मी दार उघडलं असतं तर एवढ्याशाने सगळं संपलं असतं. कडी काढायला किती वेळ लागतो?

मादामने आज स्वतःहून डबा मागितला. आत गेली आणि छोटं पातेलं रिकामं करून आली, तुझं सूप. भाज्यांचं. तुझा नॅपकिनही घडी करून दिला, म्हणाली, हा तिच्या मुलीला दे. माझा खणात परत ठेवला. शेजारचा खण रिकामा आहे. ती म्हणाली तो रिकामाच राहील. पायऱ्यांपर्यंत सोडायला आली, या वयात, त्या वाऱ्यात. घरी आल्यावर मी डबा परत एकदा गरम केला.

पाच वाजून गेलेत. आता निघते. सुधीरला सांगणार आहे की ते शेवटचं जेवण झालंच नाही, तू एकटी जेवलीस, आणि तू खोटं बोललीस ते माझ्यासाठी. त्याला वाईट वाटेल. कदाचित तो माझ्याशी बोलणार नाही काही दिवस. चालेल. ईराला सांगेन, हे तुझ्या मम्माचं सूप आहे, त्यात मीठ घाल, मग मिरपूड, मग परत मिरपूड. ती म्हणेल, "मावशी, धिस इज सो ब्लँड," आणि बरोबरच म्हणेल.

पण त्याआधी तुझं देणं आहे ते हे एक वाक्य. ट्रेनमध्ये सोळा वर्षं जुळवत होते, तर बघ, किती लहान निघालं.

मेधा, त्या पहिल्या दिवशी तुझ्या सुपात हाडांचं पाणी होतं, मला ते माहीत होतं, आणि मी तुला सांगितलं नाही.

एवढंच.

आता तू बोल.